झाकून ठेवलेली गाडी

आमची गाडी विकायला काढली तेव्हा मला वाटलं होतं, दारात रांग लागेल. का नाही लागणार? बाहेरून आरसा, आतून कोरी करकरीत. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा मी कुणाला काढू दिलं नव्हतं. वरून जुन्या चादरी जोडून मी स्वतः शिवलेलं आच्छादन. हे निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती हौसेने घेतली, जेमतेम दोन उन्हाळे चालवली आणि गेले. तेव्हापासून गाडी अंगणात. मुलगा रविवारी चालू करायचा, फाटकापर्यंत पुढे, भिंतीपर्यंत मागे, की झालं. चिखलात काढायची नाही, पाय झटकल्याशिवाय बसायचं नाही, आणि आत काही खायचं तर नावच नाही. नात म्हणायची, "आजी, ही गाडी आहे की शोकेस?" मी म्हणायचे, "शोकेस म्हण, पण हात लावू नकोस."

विकायचं कारण माझी सून. ती ज्या कापडदुकानात कामाला होती ते बंद पडलं. रडत बसली नाही, तेवढं तिचं कौतुक. दवाखान्यात जाऊन काम विचारून आली. चाकांच्या खुर्चीतली म्हातारी माणसं उपचाराला घरून न्यायची आणि परत सोडायची. दवाखाना हो म्हणाला, पण गाडी तिची स्वतःची हवी. आमच्या गाडीत खुर्ची मावेना. कोपऱ्यावरचा पाववाला धंदा आवरून लेकीकडे राहायला निघाला होता, त्याची उंच, सरकत्या दाराची व्हॅन होती. त्याने सुनेला शब्द दिला, "शनिवारपर्यंत थांबतो. मग दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." तेव्हा आमची विकली तरच त्याची घेता येणार, असा सरळ मामला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मेहुण्याला घेऊन. उंटावरचा शहाणा. आत वाकला, मीटर बघितला आणि हसला. "काकू, एवढी जुनी गाडी आणि एवढीच चाललेली? मीटर मागे फिरवलाय, आणखी काय!"

"फिरलं असेल तर तुझं डोकं," मी म्हटलं. गेले ते.

दुसऱ्याने पुढचं झाकण उघडलं. मी दर रविवारी फडक्याने पुसलेलं इंजिन बघून म्हणाला, "इतकं स्वच्छ? गळती लपवलेली दिसते." तिसऱ्याला रंग इतका चकचकीत वाटला, की त्याच्या मते गाडी कुठेतरी आपटून पुन्हा रंगवलेली. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात हे कळतं मला. पण आमच्याच ताकावर किती ती फुंकर! घाणेरडी ठेवली असती तर चटकन गेली असती.

शुक्रवारी सकाळी, कुणी दात घासतंय, कुणी केस विंचरतंय, अशा वेळी एक बाई न सांगताच फाटकात. आखूड केस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज शिट्टीसारखा.

"ही काय वेळ झाली यायची?" मी विचारलं.

"हीच वेळ, मावशी. विकणारे आधी गाडी तापवून ठेवतात. मला गार इंजिन ऐकायचंय."

तिने बॉनेटवर हात ठेवून बघितलं. खाली वाकून फरशीवर तेलाचा डाग शोधला. मग दार उघडून ती पायाकडच्या पेडलांवर बोट फिरवत बसली.

"मीटर कुणीही फिरवेल," ती म्हणाली. "पण ह्या रबरावरच्या रेघा पुन्हा कोण काढणार? गाडी खरंच चाललेली नाही."

माझी मान वर झाली. "तेच तर सांगतेय आठवडाभर! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"थांबा, इतक्यात खूश होऊ नका. टायर बघितलेत?"

"नक्षी पुरी आहे त्यांची!"

तिने टायरच्या कडेला नख लावलं. तिथे बारीक भेगा होत्या, टाचेला पडतात तशा. "नक्षी आहे, रबर मेलंय. उभं राहून राहून मेलंय. आतल्या नळ्याही कडक झाल्या असतील, ब्रेक धरले असतील. बसून राहिलेल्या माणसाचे गुडघे धरतात ना, तसं."

"म्हणजे मी तिची वाट लावली म्हणता?"

"तुम्ही तिला लाडावलंत. लाडावलेलं पोर शाळेत घातलं की सुधारतं."

"कुठली शाळा?"

"माझी. मी गाडी चालवायला शिकवते."

काल हातात स्टिअरिंग धरलेली माणसं आणि ह्यांची गाडी! आज फूटपाथवर चढवतील, उद्या खांबाला घासतील. मी सरळ सांगितलं, "नाही द्यायची मला."

दारात सून चहा घेऊन उभी होती. तिने कप टेबलावर ठेवले. "बरं आई," ती म्हणाली. "पाववाल्या काकांना फोन करून सांगते, देऊन टाका दुसऱ्याला." तिने आवाज चढवला असता तर मी दोन चढवले असते. ती शांतपणे नंबर शोधत राहिली, आणि तेच मला सोसवेना.

"ठेव तो फोन," मी म्हटलं. आणि त्या बाईला, "आधी मला बसवून चालवून दाखवा. मग बघू."

पुढची सीट ह्यांच्या शेजारची, माझी. किती दिवसांनी तिथे बसले. गाडी निघाली ती कण्हत. ब्रेक करकरले, खिडकी अर्ध्यातच अडली. मी डोळे मिटून घेतले. पण मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्या बाईने हळूहळू वेग वाढवला, तशी करकर कमी झाली. वळण आलं तेव्हा गाडी अशी अलगद वळली, की मलाच कुणीतरी मोकळं केल्यासारखं वाटलं. वारा आत आला.

"थांबवा!" मी ओरडले.

तिने कचकन ब्रेक दाबला. "काय झालं, मावशी?"

"हे प्लास्टिक फाडा आधी. पाठ चिकटली माझी." हे कायम म्हणायचे, काढ गं ते. मीच ऐकलं नव्हतं.

तिथेच रस्त्याच्या कडेला आम्ही दोघींनी ते टराटरा फाडलं. टायर बदलावे लागणार म्हणून तिने भाव थोडा खाली आणला, मी थोडा वर नेला, जमलं. एक अट मात्र मी घातली. "कागद आधी तुमच्या नावावर. तुमचं एखादं शिकाऊ सिग्नल तोडणार आणि दंड माझ्या दारात, असं चालायचं नाही."

"मावशी," ती हसली, "तुम्ही तर माझ्याहून पक्क्या."

"मी चौथीतच शाळा सोडली म्हणून वाचलात."

शनिवारी व्हॅन बघायला मीही गेले. मागची सतरंजी उचलून तळाचा वास घेतला, ओल मुरली असेल तर नाकाला कळतं. पाववाला म्हणाला, "वहिनी, गाडी आहे ती, पाव नाही."

"तुमचे पावही मी वास घेऊनच घ्यायचे."

फटींतून पीठ निघालं, ओल नाही. मागच्या चाकावर थोडा गंज होता, तो त्याने आपणहून दाखवला. तिथे माझा विश्वास बसला.

आता सून सकाळी लवकर निघते. आमची गाडी, चुकले, त्या बाईची गाडी रोज गल्लीतून जाते. दारावर एक लांब ओरखडा आलाय. परवा एका पोरीने ती आमच्या फाटकासमोरच बंद पाडली. मी अंगणातून ओरडले, "क्लच हळू सोड!" क्लच कुठे असतो मला ठाऊक नाही, पण ती बाई रोज तसंच ओरडते. गाडी निघाली.

काल संध्याकाळी व्हॅन आली ती खिडक्यांपर्यंत चिखलाने माखून. आत चाकांचे पट्टे, बिस्किटांचा चुरा. सुनेने विचारलं, "आई, ते जुनं आच्छादन कुठे आहे? घालते हिच्यावर."

"ते कापलं मी. सकाळी तुझ्या म्हाताऱ्यांना गार लागतं म्हणालीस ना? गुडघ्यांवर घ्यायला पांघरुणं शिवतेय." सुई तिच्या हातात दिली, ओवायला. "पण त्यांना सांगून ठेव, पाय झटकून बसायचं."