उडी मारणारा मेंढा

सांगलीला चित्रकला शिकणारी समीक्षा सुट्टीत म्हसवडला आली आणि मनानंच उडी मारणारा मेंढा काढू लागली. आधी चौकोन, मग गोल, पट्टीनं कणा. जन्मभर मेंढरं राखलेली सुलाआत्या म्हणाली, "ह्यो मेंढा न्हवं, पेटी हाय."

समीक्षा चिडली. कोळशानं तिनं एका झटक्यात दुसरा उधळलेला मेंढा काढला. आत्या हरखली, पण बाजारात मेंढा चाचपावा तसा तिनं चित्रातल्या पायांवरून हात फिरवला. "उडी लय झ्याक गं, पन मागचा पाय उलटा वळलाय. उतरताना मोडंल."

मग समीक्षानं पेटीवाल्या मेंढ्यावर पातळ कागद ठेवला आणि खालच्या सांगाड्यावरून हात मोकळा सोडला.

आत्यानं चित्र बघितलं. उठून मेंढरांच्या वाड्याचं फाटक तेवढं लावून आली.