दुपारच्या पाळीतला वाद

साहेब, तुम्ही एका माणसाला हळूहळू मारताय आणि त्याला 'पाळ्यांची फेररचना' म्हणताय.

तुमचं नाव घेत नाही. घेऊन उपयोग नाही. उद्या त्या खुर्चीत दुसरा बसला तरी तोही न वाचताच सही ठोकेल. रुग्णालय तुम्ही चालवता. तळमजल्यावर डायलिसिसचा विभाग आहे हे तुम्हाला कागदावरून माहीत आहे. खाली तुम्ही कधी उतरला नाहीत, म्हणून आधी तिथे काय चालतं ते सांगतो.

तिथे आमचं रक्त बाहेर काढतात, धुतात आणि परत आत सोडतात. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. हातात दोन जाड सुया असतात. तो हात हलवायचा नाही. हलला की नळीतला दाब बदलतो आणि मशीन बोंबलायला लागतं. पाणी घोटाघोटाने प्यायचं, कारण आत गेलेलं बाहेर टाकणारे अवयव कायमचे संपावर गेलेत. शेवटच्या तासाला पायात असे गोळे येतात की थोरामोठ्यांच्या तोंडून शिव्या बाहेर पडतात. घरी जाताना अंगात त्राण उरत नाही. कुणी विचारलं कसं वाटतंय, तर 'बरं आहे' म्हणायचं. खरं सांगायला जास्त श्वास लागतो.

दुपारच्या पाळीत आम्ही तिघं शेजारीशेजारी. भिंतीकडे बाई, जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मध्ये टेलर. या टोकाला मी, बस आगारातला फिटर. विभागात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. नावं फाइलवर असतात.

टेलरला मुळात यायचंच नव्हतं. बायको गेल्यावर त्याने घरात सांगून टाकलं होतं, "मला आता उसवलेलं शिवत बसायचा कंटाळा आलाय." सून त्याला रिक्षात घालून, दम देऊन आणायची. सुया टोचल्या की तो डोळे मिटून पडायचा, ते सुया काढेपर्यंत. पुढच्या खेपेला येईल याची खात्री कुणालाच नसायची.

मग एका दुपारी भिंतीवरच्या टीव्हीवर त्या लेखकाचा सिनेमा लागला. कोणता लेखक ते आमच्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्याची नाटकं बघताना आमच्या आईबापांनी पहिल्यांदा आमच्यासमोर पोट धरून हसण्याची चूक केली, तो. ज्याने नंतर सिनेमे लिहिले आणि 'नाटकवाला बिघडला' म्हणून शहाण्यांच्या शिव्या खाल्ल्या, तो. सिनेमा अर्ध्यावर आला आणि टीव्ही बंद पडला. तुमच्या माणसांनी तो आजतागायत दुरुस्त केलेला नाही, पण त्याचं भांडण आज नको.

काळ्या पडद्याकडे बघत टेलर डोळे मिटूनच म्हणाला, "आता जिन्यातला चहाचा प्रसंग होता. गेला."

"तुम्हाला तो आवडतो?" बाईंनी विचारलं. विचारण्यात अशी काही नापसंती होती की टेलरने डोळे उघडले.

तिथून वाद सुरू झाला तो वर्षभर चालला.

टेलरचं म्हणणं, 'मधल्या मजल्यावरचा जावई' या सिनेमापुढे बाकी सगळं झूट. बाईंचं म्हणणं, सिनेमात कॅमेरा मदतीला धावतो, नाटकात लेखक एकटा असतो. म्हणून खरा कस 'कुलूप कुणाचं?' या नाटकात.

"तीन दारं, चार माणसं, एक किल्ली," बाई म्हणायच्या. "एकही दार उगाच उघडत नाही. गणितासारखं सुटत जातं."

"म्हणूनच मला झोप आली," टेलर म्हणायचा. "शाळेतसुद्धा तुमच्याच विषयाला यायची."

"शाळेत गेला होतात?"

"दारापर्यंत. उगाच उघडलं नाही मी."

बाई हसल्या, हात हलला, मशीन बोंबललं. विभागातली तंत्रज्ञ ताई धावत आली, नळी सरळ केली, बटण दाबलं. "बाई, हसा, पण हाताने नका हसू," म्हणाली.

त्या दिवसापासून टेलरने नियम काढला. मशीन ओरडलं तर विनोद खरा. नुसते दात दिसले तर तो शिष्टाचार. बाईंनी नियम मान्य केला, कारण त्यांना माप असलेल्या गोष्टी आवडतात.

टेलरचा तो चहाचा प्रसंग तुम्हीही पाहिला असेल. वसुलीला आलेला कारकून मजल्यामजल्यावर जातो, प्रत्येक घरात त्याला चहा पाजतात, आणि भिडेखातर त्याला नाही म्हणता येत नाही. शेवटच्या मजल्यावर तो पाय आवळून उभा असतो आणि घरमालकीण प्रेमाने विचारते, "अजून अर्धा कप?" लोक हसायचे त्याच्या हालांना. आमचं हसू वेगळं होतं. आम्हाला घोटभर पाण्याची चोरी, आणि त्या कारकुनाला लागलेली घाई आमच्यापैकी कुणाला वर्षानुवर्षं लागलेली नव्हती.

"काय श्रीमंत माणूस आहे बघ," तो प्रसंग रंगवून सांगताना टेलर म्हणाला. "केवढी लागलीये त्याला!"

तिन्ही मशीनं एकदम ओरडली. ताईला कुणाकडे आधी धावावं कळेना. तिलाही हसू फुटलं आणि तिने तोंडावरचा मास्क आणखी वर ओढला.

माझं मत विचारलंत तर मला त्याचा 'गाडी उद्या निघेल' आवडतो. तो सिनेमा पडला. असा पडला की पोस्टरला लावलेली खळ वाळायच्या आत दुसरं पोस्टर लागलं. वाटेत बंद पडलेली गाडी, ती दुरुस्त न करता येणारा मेकॅनिक आणि बसून राहिलेले प्रवासी. बस्स, एवढंच.

"तो त्याने दमून लिहिलाय," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच. बाकी सगळ्यात माणसं धावतात. दारं आपटतात, जिने चढतात. इथे कुणातच उठायची ताकद नाही आणि तरी हसू येतं."

"फिटर, तू आता रडवणार," टेलर म्हणाला. "गप पड. तुझ्या आवडीला टाका लागत नाही."

हे एवढंच होतं, साहेब. एवढ्यावर तो येत होता. शुक्रवारी बाई जाताजाता काहीतरी टोचून बोलायच्या, आणि सोमवारी टेलर रिक्षातून स्वतः उतरायचा, कारण उत्तर द्यायचं राहिलेलं असायचं. सुनेने दम देणं बंद केलं. ती मला एकदा म्हणाली, "काका, बाबा रविवारी आरशासमोर बोलतात. बाईंना काय सुनवायचं त्याची तालीम करतात."

मग तुमचा कागद आला.

दुपारच्या पाळीत अलार्मचं प्रमाण जास्त आढळल्याने, रुग्णहित लक्षात घेऊन. बाई संध्याकाळी. टेलर सकाळी. मी होतो तिथेच. आणि भिंतीवर शांतता राखण्याची पाटी, नेमकी बंद टीव्हीच्या खाली, म्हणजे तो गप आहे ते तुमच्या हुकुमानेच असं वाटावं.

ताईला दोष देत नाही. अलार्म झाला की तिने नोंदवायचा, ही तिची नोकरी. का झाला, हे लिहायला तुमच्या छापील कागदात जागाच नाही. सुई निसटली तरी एक फुली, माणूस हसला तरी एक फुली. तुम्ही वर बसून फुल्या पाहिल्यात.

मी वर आलो होतो. तुमच्या दारातला शिपाई म्हणाला, साहेब बैठकीत आहेत. मी म्हटलं, थांबतो. म्हणाला, बैठक लांबेल. मी म्हटलं, मला बसून राहायची सवय आहे, चार तास आरामात बसतो. तो म्हणाला, "काका, तुम्ही बसलात तरी साहेब मागच्या दाराने जातात." असला प्रसंग त्या लेखकाने लिहिला असता तर आम्ही मशीनं फोडली असती. तिथे मला हसू आलं नाही. जिना उतरताना कठड्याला धरून दोनदा टेकलो.

सकाळच्या पाळीत टेलर पहिल्या आठवड्यात आला. ताई सांगते, डोळे मिटून पडला, ते सुया काढेपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात एकदा आला. या आठवड्यात आलेलाच नाही.

काल सकाळी त्याच्या घरी गेलो. पुढे दुकान, मागे खोली. दुकानातल्या शिलाई मशीनवर चादर टाकलेली. टेलर पलंगावर उशांना टेकून बसला होता, कारण आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. चेहराही असा फुगलेला की कुणाला वाटावं तब्येत सुधारली. सून दारात उभी. तिचे डोळे सुजले होते, पण त्याचं कारण वेगळं.

"ये," टेलर म्हणाला. "बस. चहा विचारत नाही, दोघांनाही परवडत नाही."

"का येत नाहीस?"

"झोप पुरी होत नाही सकाळची."

"सरळ बोल."

तो जरा वेळ श्वासच गोळा करत होता. मग म्हणाला, "अरे, चार तास छत बघायचं. छताला एक तडा आहे. तो बघून झाला. शेजारी पडदा. पडद्यापलीकडे कुणीतरी कण्हतं, तेही ओळखीचं नाही. यासाठी रक्त धुवायचं? धुऊन नेऊ कुठे?"

"घरी. इथे. ही पोरगी उभी आहे, दिसत नाही?"

"दिसते ना. रोज रडते. मी गेलो की थोडे दिवस रडेल, मग झोपेल तरी."

"बाबा!" सून म्हणाली आणि आत गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला.

मी चिडलो. म्हटलं, "बाई विचारत होत्या. म्हणाल्या, टेलरला सांगा, पळून गेलात म्हणजे 'कुलूप कुणाचं?' जिंकलं."

हे खोटं होतं. बाई आणि माझी गाठ पडते ती दारात, मी बाहेर पडताना आणि त्या आत येताना. त्या पार थकल्यात. फक्त मान हलवतात. पण टेलरचे डोळे हलले.

"फिटर, एक सांगू? बाईंना बोलू नकोस."

"बोल."

"मी ते नाटक पाहिलेलंच नाही."

वर्षभर हा माणूस त्या नाटकाची चिरफाड करत होता. तिसऱ्या अंकातली बाई उगाच रडते म्हणाला होता. नायकाचा कोट त्याच्या खांद्याला झोल देतो म्हणाला होता.

"कोट?"

"फोटो पाहिला होता वर्तमानपत्रात. झोल खराच होता. बाकी सगळं बाईच सांगायच्या, मी उलट करून परत द्यायचो. आमची काय ऐपत होती तेव्हा नाटकं बघायची. आणि बाईंना राग आला की पायातले गोळे विसरायच्या. बघितलं नाहीस तू? ज्या दिवशी मी गप, त्या दिवशी त्या ओरडायच्या."

मी म्हटलं, "टेलर, तू पक्का चोर आहेस."

"माप घेतलं होतं त्यांचं, दुसरं काय." तो हसायला गेला आणि खोकला लागला. खोकला थांबायला वेळ लागला. सून पाण्याचा पेला घेऊन आली आणि अर्ध्या वाटेत थांबली, कारण पाणी द्यायचं की नाही हे तिला कळेना. शेवटी त्याने ओठ ओले केले आणि पेला परत दिला.

मग मला जवळ बोलावून विचारलं, "शेवटी ते कुलूप निघतं कुणाचं? बाईंनी कधी सांगितलं नाही. त्यांना वाटायचं मला ठाऊक आहे. मी विचारणार कसा? तू सांग. आता काय बिघडतंय."

मला ठाऊक होतं. ते नाटक मी दोनदा पाहिलंय. तोंडापर्यंत आलं होतं. मरायला टेकलेल्या माणसाला एवढंही सांगू नये, असा मी कसाई नाही.

पण सांगितलं असतं तर त्याला पलंगावरून उठायचं एकही कारण उरलं नसतं.

"मला आठवत नाही," मी म्हटलं. "बाईंना विचार. समोर बसून, तोंड वर करून कबूल कर की बघितलं नाही, आणि विचार. घालतील शिव्या."

"घालतील," तो म्हणाला. उशांवर जरा वर सरकला. मग म्हणाला, "विचारलं असतं रे. पण त्या संध्याकाळी, मी सकाळी. मध्ये तू. आमची भेट कुठे होणार?"

"दुपारी बोलावलं तर येशील?"

"बाई असतील?"

"असतील."

"मग रिक्षा सांगेन."

सून दारात ऐकत होती. ती मला बाहेरपर्यंत सोडायला आली आणि एवढंच म्हणाली, "काका, बाबांनी किती दिवसांनी 'येईन' म्हटलं. आता तुम्ही मागे फिरू नका." तिला वाटतं माझ्या हातात काही आहे. माझ्या हातात दोन सुया असतात, साहेब.

म्हणून हे तुम्हाला सांगतोय. डॉक्टर म्हणतात, अजून एक-दोन खेपा चुकल्या तर पाणी फुप्फुसात चढेल, मग बोलायलाच नको. दुपारी माझ्या शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या असतात. दोन मशीनं पुसून, झाकून ठेवलेली. तुम्ही आम्हाला पांगवलंत, पण तिथे दुसरं कुणी आणलंही नाहीत. तेव्हा जागा नाही असं मला सांगू नका. नियम आहे असंही सांगू नका, नियम तुमच्याच सहीचा आहे. आणि बैठकीत आहे असं तर मुळीच सांगू नका, मागचं दार कुठे उघडतं ते मी पाहून ठेवलंय.

परवा सोमवार आहे. टेलर आणि बाई दुपारच्या पाळीत बसणार की नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणायचं असेल तर खाली या आणि त्याच्या सुनेच्या तोंडावर म्हणा. कधी येताय?