एकटी रजई

सकाळचे सहा वाजले होते. सून सातला उठते, म्हणजे रजई धुऊन गच्चीत वाळत घालायला हातात जेमतेम तास. फोरमन पाय न वाजवता न्हाणीघरात शिरले.

फोरमन म्हणजे तिचे सासरे. वर्कशॉप सोडून सोळा वर्षं झाली, पण बिल्डिंगमध्ये नाव तेच चिकटलं होतं. झोपेत त्यांना अंथरुणात लघवी झाली होती. ही तिसरी खेप. आधी दोनदा गादीवरची रजई उलटी घालून निभावलं, आज ती आरपार भिजली. कुणाला कळलं तर मेलोच! खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचं असंच झालं आणि पंधरा दिवसांत पोरांनी त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. मुलगा फिरतीवर होता, ते एक बरं. पण शनिवारी तो येणार, आणि सून त्याला सांगितल्याशिवाय थोडीच राहणार?

मशीन पुढून उघडणारं, गोल काचेच्या दाराचं. त्याला फोरमननी आजवर हात लावला नव्हता. पण उभा जन्म यंत्रांत गेलेला, हे तर खेळणं! आत सुनेचे दोन टॉवेल होते, ते त्यांनी मुद्दाम काढून ठेवले. ओझं कमी तितकं यंत्र सुखी, हा त्यांचा वर्कशॉपातला हेका. एकटी रजई कोंबली, पावडर टाकली, बटण दाबलं.

फेस झाला, खंगाळणं झालं. पिळायची वेळ आली आणि घोडं अडलं. टब जोर धरायचा, धाड धाड ठोके द्यायचा आणि थांबायचा. रजई गोळा होऊन एका बाजूला बसली होती. आकडा नऊ मिनिटांवरून हलेना. दार ओढलं, तर कुलूप. फोरमननी दोन्ही हातांनी मशीन दाबून धरलं. मग घड्याळ बघून आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. पावणेसात! "फिर की बाई एकदाची!" ते खेकसले आणि लगेच जीभ चावली.

"बाबा?"

सून दारात उभी होती.

"चहा सांडला," फोरमन घाईघाईने म्हणाले. "जरासाच. म्हटलं, तुला कशाला त्रास."

तिने मशीन थांबवून कुलूप सुटायची वाट पाहिली, रजई उलगडून सैल केली, सोबत ते दोन टॉवेल टाकले आणि धुणं पहिल्यापासून लावलं.

"एकटी जड वस्तू टाकायची नाही, बाबा. ती एकीकडेच जाऊन बसते. सोबत काहीतरी हवं, आणि वर वीतभर जागा मोकळी."

टब गपगुमान फिरू लागला. फोरमनची मान वर होईना. "त्याला सांगू नकोस," ते कसेबसे म्हणाले. "मला कुठे पाठवू नका."

"सांगायचं असतं तर मागच्या महिन्यातच सांगितलं असतं."

फोरमननी मान वर केली.

"तुम्ही फिरायला गेलात की मी रजई बदलते, बाबा. तश्शीच दुसरी आणून ठेवलीय."

फोरमन तिथेच स्टुलावर बसले आणि त्यांना रडू फुटलं.