रोहिदासचा फोन येत नाही

मुकुंद सर रहाटणीत जपानीचे क्लास घ्यायचे आणि विद्यार्थ्यांच्या फोनवर जगायचे, असं म्हटलं तरी चालेल. "सर, हे वाक्य बरोबर आहे का?" असा फोन आला की स्वारी खूश. सगळ्यात जास्त फोन रोहिदासचे. मूळचा आष्टीकडचा, चाकणच्या एका जपानी कंपनीत फिटर. दोन वर्षं जपानला जायची संधी चालून आली होती, येत्या शनिवारी मुलाखत होती, आणि हा पठ्ठ्या साधा नमस्कार करायलाही सरांची परवानगी घ्यायचा.

नेमका तोच तीन आठवडे गप्प. क्लासला नाही, फोन नाही. सरांना आधी राग आला, मग वाईट वाटलं, आणि शेवटी कुतूहल काही स्वस्थ बसू देईना. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, तेव्हा स्कूटर काढून ते थेट त्याच्या खोलीवर धडकले.

दार उघडंच होतं. रोहिदास खोलीच्या मधोमध उभा राहून गॅसकडे बोट दाखवत जपानीत काहीतरी ठणकावून सांगत होता. मग खिडकीला सांगितलं, मग पंख्याला.

"अरे, काय चाललंय हे?"

"या सर, बसा." तो लाजला. "कंपनीत नट आवळला की बोट दाखवून मोठ्यानं बोलावं लागतं, चूक लगीच कळती. म्हटलं, भाषेला बी लावून बगू."

बोललेलं तो मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, जपानी साहेबांच्या ट्रेनिंगच्या व्हिडिओशी ताडून बघायचा आणि चुका वहीत लिहायचा.

"मला का नाही विचारलंस?"

"तितं जपानात हातात पाना असताना तुमाला फोन कसा लावणार, सर?"

सरांनी मग त्याची उलटतपासणीच घेतली. एका वाक्यात तो चुकला. दुरुस्ती अगदी ओठावर आली होती. ती त्यांनी कशीबशी गिळली. रोहिदासने रेकॉर्डिंग ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा ऐकलं आणि चूक स्वतःच पकडली. सरांना आनंद झाला आणि हुरहुरही वाटली.

वही चाळताना एका पानावर ते थबकले. वर लिहिलं होतं, 'सरांकडून आलेल्या चुका'.

रोहिदासचा चेहरा उतरला. "रागावू नका, सर. वाक्य संपताना तुमी आवाज वर नेता. क्लासातली समदी पोरं तसंच बोलत्यात. साहेब न्हाई बोलत."

वीस वर्षं शिकवलेला माणूस ते पान वाचत राहिला. मग ते सतरंजीवर मांडी घालून बसले.

"लाव रेकॉर्डिंग," ते म्हणाले. "आता मी बोलतो. आणि चूक सांगू नकोस, माझी मला सापडू दे."