हरण्याची राखण

आधीच सांगतो, बहिरूवर माझा संशय होता आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही.

बहिरू माझा चुलतभाऊ. आमचे दोन्ही वळू एकाच गाईचे. माझा हरण्या, त्याचा पाखऱ्या. दोन हजार चारच्या हिवाळ्यात महाळुंग्याकडे इमारतींसाठी खडकात सुरुंग लावायला लागले. पाखऱ्याला त्याचं काही नव्हतं. सुरुंग उडो नाहीतर डोंगर, त्याचं काम चालू. हरण्या मात्र माजावरची गाय समोर असली तरी कान टवकारून मागे सरायचा. लोक गाई बहिरूकडे नेऊ लागले.

एकाच गाईच्या पोटचे, मग हा फरक कसा? बहिरूनेच काहीतरी खायला घातलं असणार. मी खाट गोठ्याच्या दारात टाकली. वैरण हुंगून मग घालायचो. गाय आली की काठी घेऊन हातभर अंतरावर उभा राहायचो, कुणी डाव साधू नये म्हणून. हरण्या माझ्याकडे बघायचा आणि जागीच थांबायचा.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "एकनाथराव, प्रत्येक जनावराचं काळीज वेगळं. हा भित्रा आहे. त्याला जरा एकटं सोडा."

बहिरूकडे चहा पिऊन आलेला माणूस दुसरं काय सांगणार!

शेवटी मीच म्हणालो, "खच्ची करून टाका. औत तरी ओढंल." लहानपणी त्याला मी बाटलीने दूध पाजलं होतं.

ठरल्या दिवशी डॉक्टर खच्ची करायचा चिमटा घेऊन आले. तेवढ्यात वरच्या आळीच्या गंगूबाई गाय घेऊन दारात. "डाक्टर, माझी गाय गाभण हाय का बघा की."

डॉक्टरांनी तपासलं. "तीन महिने झालेत."

"पाखऱ्याकडं नेली व्हती ना?" मी विचारलं.

"न्हाई वो. तुमच्याच हरण्याकडं. तुमी सातबाऱ्यासाठी पौडला गेलता."

मी बायकोकडे वळलो. "सारजे, मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हणाला असता, बहिरूभावजींनी तुला शिकवलं."

म्हणालोच असतो.

"पण माझ्यासमोर त्याला काय हुतंय?"

सारजा हसली नाही. "तुमी समोर असलात की मी तरी कुटं ओवी म्हणतीया?"

"लई ग्वाड गाते," गंगूबाई म्हणाल्या.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तिला गाता येत नाही, असंच मी समजत होतो. मला फार लाज वाटली.

डॉक्टरांनी न विचारताच चिमटा पिशवीत ठेवला. मी काठी भिंतीला टेकवली, खाट उचलून ओसरीवर नेली आणि बांधाकडे चालू लागलो.

बऱ्याच वेळाने मागून ओवी ऐकू आली. मागे वळून बघावंसं फार वाटलं. पण मी वळलो नाही, तिथेच पाठमोरा उभा राहिलो.