पाऊणपट

यूनुसभाईंना समोरचं दिसेनासं झालं होतं, आणि ही गोष्ट रमजानपासून त्यांनी जगापासून लपवली होती. बायकोपासूनसुद्धा. नजरेच्या अगदी मधोमध काजळी धरल्यासारखा डाग बसला होता. कडेचं सगळं स्वच्छ. पण समोरच्याचं तोंड, घड्याळाचे काटे, यंत्राच्या पडद्यावरचे आकडे, तेवढं खलास! आता बोट चालवणाऱ्या माणसाचं काय अडतं, तर नेमकं तेवढंच अडतं.

‘झुळूक’ ही शिडाची बोट सतीश साहेबांची. साहेबांचा कारखाना दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, घर शारजाला अल मजाजमध्ये, आणि जीव या बोटीत. चौदा वर्षं तिचं सुकाणू यूनुसभाईंच्या हातात होतं. त्या शनिवारी दलमा बेटावरून निघून दिवस मावळायच्या आत सर बनी यास बेट गाठायचं होतं. बोटीवर तिघंच होते, साहेब, हेमावहिनी आणि यूनुसभाई. साहेबांची मुलगी अस्मी परीक्षेमुळे घरी राहिली होती.

नांगर उचलताना साहेबांनी फोन पुढे धरून यूनुसभाईंचा फोटो काढला.

“यूनुसभाई, हसा जरा! इन्शुरन्सवाल्यांना पाठवायचाय. साठीच्या कॅप्टनची आय टेस्ट हवी म्हणतात. मी म्हटलं, गरज नाही, लेटर मी देतो. आमच्या कॅप्टनची नजर म्हणजे घारीची!”

“मेहेरबानी साहेब,” यूनुसभाई म्हणाले. ते पत्र गेलं की नोकरीची आणखी दोन वर्षं मिळत होती. लेकीचं, नबिलाचं, फार्मसीचं शेवटचं वर्ष त्यात निघालं असतं. आणि पत्र मिळालं नसतं तर? तर दाभोळला जाऊन ओटीवर बसायचं, आणि आल्यागेल्याला आवाजावरून ओळखायचं. नको रे बाबा! त्या विचारानेच त्यांना धडकी भरायची.

दुपारपर्यंत वारा बरा होता. एकच्या सुमाराला तो पडला तो पडलाच. शिडं उतरवली, इंजिन लावलं. आभाळ धुळीने मळकट झालेलं, पाणी शिळ्या कढीसारखं. वहिनींना मळमळायला लागलं आणि त्या आत आडव्या झाल्या.

“बाहेरून वळसा घ्यायचा म्हणजे दोन तास वाढणार,” साहेब म्हणाले. “मधल्या वाळूच्या उथळ पट्ट्यावरून जाता येईल?”

“पाणी असेल तर जाऊ की.”

“मग भरतीची वेळ बघा ना स्क्रीनवर.”

यूनुसभाई पडद्यावर वाकले. निळ्या उजेडात मधोमध तो मेला काळा डाग. ‘वहिनींना हाक मारू’, एकदा मनात आलं. ‘साहेब, तुम्हीच वाचा’, एवढंच म्हणायचं होतं. पण चौदा वर्षांत असं कधी म्हटलं नव्हतं, आज म्हटलं तर साहेब विचारणार, का हो? शेवटी बापाची शिकवण आठवली. बाप दाभोळच्या खाडीत नाखवा होता. चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, निघाली भरतीची वेळ. हिंदूंच्या होड्यांवर तिथीने करायचे, यांच्या होडीवर चांदाने, हिशेब तोच. आज चांदाची पाचवी. पाच पाऊणे पावणेचार.

“पावणेचारला पूर्ण भरती,” ते ठासून म्हणाले. “साडेतीनला आपण वाळूवर असू. इन्शाल्ला आरामात निघू.”

इथलं पाणी दाभोळचं नाही, हे चौदा वर्षांत त्यांना कळलं नव्हतं काय? चांगलं कळलं होतं. पण भ्यालेला माणूस पाठ असलेलं तेच खरं धरून चालतो.

साडेतीनला बोटीखालून खरखर आवाज आला. ‘झुळूक’ने एक हिसका खाल्ला, जरा कलली आणि बसली. यूनुसभाईंनी इंजिन मागे घेतलं. गढूळ पाणी वर आलं, बोट जागची हलली नाही.

“अहो, ही तर ओहोटी चाललीय!” साहेब कठड्यावरून ओरडले. मग त्यांनी खिशातून फोन काढला, त्यावर बोट फिरवलं आणि यूनुसभाईंच्या हातात दिला. “यात टाइम टेबल आहे. पाणी परत कधी चढतंय बघा. मी हिला बघून येतो.”

साहेब आत जाऊन लगेच वर आले. यूनुसभाई फोन तोंडासमोर धरून उभे होते.

“साडेआठला भरती, साहेब,” ते म्हणाले. “तक्त्यात साफ लिहिलंय. सातपर्यंत बोट उचलेल.”

साहेबांनी फोन परत घेतला आणि त्यात पाहिलं. मघाशी त्यांचंच बोट फिरताना चुकून भलतंच उघडलं होतं. फोनमध्ये सकाळचा फोटो होता. सुकाणू धरून हसणारे यूनुसभाई.

त्यांना काय दिसलं, हे यूनुसभाईंना कळेना. साहेबांचं तोंड त्या डागामागे होतं.

“फोटो छान आलाय तुमचा,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “हातात तोच होता. तक्ता नव्हता.”

यूनुसभाई खाली बसले.

“कधीपासून?”

“रमजानपासून.”

साहेबांनी मान हलवली. ओरडले असते तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडल्या असत्या तरी चाललं असतं. पण ते पाण्याकडे बघत मनातल्या मनात महिने मोजत होते.

“म्हणजे ईदला सुद्धा,” ते म्हणाले. “ईदला अस्मी होती बोटीवर. लाटा होत्या त्या दिवशी. तिला एकटीला तुमच्यापाशी सोडून आम्ही दोघं खाली झोपलो होतो.”

यूनुसभाईंनी तोंड उघडलं. नबिलाचं सांगावं, शेवटचं वर्ष सांगावं, असं ओठांवर आलं होतं. पण अस्मीला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं. आणि समोर तिचा बाप उभा होता.

साडेसहाला बोट सरळ झाली, हलली, वाळूवरून सुटली. उजेड उतरला होता. सवयीने यूनुसभाईंनी सुकाणूला हात घातला, आणि मग स्वतःच काढून घेतला. साहेब पुढे झाले. वहिनी शाल गुंडाळून आकड्यांच्या पडद्यापाशी बसल्या.

यूनुसभाई कठडा धरून पुढच्या टोकाला गेले आणि दोर गुंडाळायला लागले. ते काम हातांना येत होतं.

“किती पाणी?” त्यांनी तिथूनच विचारलं. चौदा वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

“तीन मीटर चाळीस,” वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी ते साहेबांना सांगितलं होतं.