बोगद्याच्या तोंडाशी

चव्वेचाळिसाव्या वर्षी नेमोतो पायलट व्हायला निघाला तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं. पण करणार काय? जपानमधल्या होक्काइदोच्या डोंगरात ज्या लाईनवर तो वीस वर्षं रेल्वेगाडी चालवत होता, ती लाईनच बंद झाली. ऑफिसातली खुर्ची मिळत होती, ती याने नाकारली.

त्याचा गार्ड हाचिया मागे राहिला. "तू जाशील रे उडत. मी कुणाच्या हाकेला ओ देऊ?" एवढंच म्हणाला, आणि त्याच हिवाळ्यात झोपेत गेला. त्या दिवशी नेमोतोची लेखी परीक्षा होती. तो शेवटच्या दर्शनालाही गेला नाही.

गाडीवर त्यांची रीत ठरलेली. ड्रायव्हरने पांढऱ्या हातमोज्यातलं बोट रोखून ओरडायचं, "सिग्नल हिरवा!" गार्डने मागून तेच म्हणायचं, मग गाडी हलायची. आणि एकदा "लाल" म्हटलं, की पुन्हा "हिरवा" ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही. हाचिया या बाबतीत हट्टी होता.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. नेमोतो विमानातही बोट रोखून ओरडायचा. शिकवणाऱ्या ओगाताबाई त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. त्या कपाळाला हात लावायच्या. "नेमोतोसान, कुणी प्रवासी चढायचा राहिलाय का?"

तो पहिल्यांदा एकटा उडाला त्या दिवशी त्याने हाक दिली, "धावपट्टी मोकळी!" मागच्या रिकाम्या सीटवरून आवाज आला, "धावपट्टी मोकळी!"

हाचियाची खोड तर मेल्यावरही गेली नव्हती. नेमोतो कुणाला बोलला नाही. आवाज ऐकणाऱ्याला लायसन कोण देणार? आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं.

पण वेळेवर पोचायचं वेडही रेल्वेचंच. दोनदा हवा बिघडली असताना तो तसाच पुढे रेटत गेला. दुसऱ्या वेळी ओगाताबाई भडकल्या. "गाडीला मागे फिरता येत नाही, विमानाला येतं! एवढं एकच शिका. पुन्हा असं केलंत तर लायसनसाठीची माझी सही विसरा, घरी जा."

एकट्याने करायच्या शेवटच्या लांबच्या फेरीला तो सकाळी निघाला. वाटेत ढग उतरू लागले. खाली त्याची जुनी लाईन दिसली, रुळांवर गवत माजलेलं. रुळांचं वळणन् वळण त्याला पाठ. तो त्यांच्यावरून खाली खाली दरीत शिरला.

"सिग्नल हिरवा!" मागून आवाज आला. त्याने हाक दिलीच नव्हती.

ढग डोक्याला टेकले, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आले. "सिग्नल हिरवा, नेमोतो! दोन मिनिटं उशीर झालाय," आवाज आता अगदी कानाशी होता. नेमोतोचं बोट आपोआप वर उठलं, आणि बोटासमोरच त्याला बोगदा दिसला. रूळ काळ्या तोंडात शिरत होते. वर डोंगर, त्याच्यावर ढग. हाचिया त्याला न्यायला आला होता.

"सिग्नल लाल!" तो जीव खाऊन ओरडला आणि विमान वळवलं. डावा पंख झाडांच्या शेंड्यांवरून गेला. मग आवाज आला, पण मागच्या सीटवरून नाही. खालून, बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून कुणी ओरडावं तसा.

"सिग्नल लाल!"

तो परत येऊन उतरला तेव्हा ओगाताबाई बाहेरच उभ्या होत्या. "मागे फिरलात?"

"फिरलो."

"सुटले बाई एकदाची!" त्यांनी तिथेच वहीवर सही केली.

लायसन मिळालं. आता तो बेटांवर माणसं ने-आण करतो. बोट रोखतो, हाक देतो, मागून कुणी ओ देत नाही. त्या दरीवरून जायची पाळी आली की तो दुसऱ्याला गळ घालतो. हाचिया तिथे उभा असणार. हिरवा ऐकल्याशिवाय तो हलायचा नाही, आणि ती हाक द्यायला नेमोतोखेरीज कुणी उरलेलं नाही.